तारेची राखण : मागाच्या घरात एमसीबी बसवताना

वडगावात अजून अशी बरीच घरं आहेत की पुढच्या खोलीत माग चालतो आणि मागे संसार. बेळगावातलं आमचं घर त्यातलंच. पुढे साडीचे दोन यंत्रमाग, मधे जिन्याचा बोळ, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसात पाण्याची मोटर. मागांना थ्री फेजचा मीटर वेगळा, घराला सिंगल फेजचा वेगळा. वायरिंग मात्र दोन्हींची सासऱ्यांच्या उमेदीच्या काळातली. लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली वायर आणि बोर्डावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. गेल्या उन्हाळ्यात ते सगळं उतरवून आम्ही एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) बसवल्या. काम चाललं होतं तेव्हा मी मेस्त्रींच्या शेजारी उभी राहून विचारत होते आणि वहीत उतरवून घेत होते. आमच्यासारखी घरं आसपास पुष्कळ आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम काढायला कारण झालं स्वयंपाकघर. आम्ही २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणली होती. त्याच बोर्डावर मिक्सर, फ्रिज आणि थंडीत पाणी तापवायची दांडी. काही दिवसांनी ओट्यामागच्या भिंतीजवळ गरम प्लास्टिकचा वास यायला लागला. हात लावला तर स्विचबोर्ड कोमट लागायचा. फ्यूज मात्र एकदाही गेला नव्हता, आणि घरात सगळ्यांना त्याचंच समाधान वाटत होतं.

मेस्त्री सुळेभावीकडचे. घरात कानडी बोलणारे, आमच्याशी मराठी. त्यांनी मेन बंद करून स्वयंपाकघराचा किटकॅट ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला. आत फ्यूजची तार नव्हतीच. लवचिक वायरीतले तांब्याचे सहा-सात धागे पिळून स्क्रूखाली आवळले होते. कधी, कुणी घातले ते कुणालाच आठवेना. असा ०.२ मिलिमीटरचा एक धागा साधारण ७ अँपिअरच्या आसपास वितळतो. सहा-सात एकत्र पिळले की तो आकडा तीसच्या पुढे जातो. पलीकडे पट्टीवरची वायर होती ॲल्युमिनियमची, बारीक, चाळीसेक वर्षांची. मेस्त्रींनी ती बोटाने वाकवली तर वरचं आवरण तुकड्या-तुकड्यांनी खाली पडलं. म्हणजे जी तार आधी वितळायला हवी तीच सगळ्यांत दणकट होती, आणि जी जपायची ती भिंतीवर तापत होती.

माझा पहिला प्रश्न होता, किती अँपिअरच्या एमसीबी आणायच्या? घरातल्या वस्तूंची यादी मी करून ठेवली होती. मेस्त्रींनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, “आक्का, आधी वायर ठरवूया. एमसीबी मशीनसाठी नसती, वायरसाठी असती.”

या एका वाक्यात बहुतेक सगळं आलं, पण ते नीट समजायला मला थोडा वेळ लागला. आपण समजतो की एमसीबी फ्रिज वाचवते, टीव्ही वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवते. तिचं मूळ काम यापेक्षा साधं आहे. भिंतीतल्या वायरीला सोसेल त्याहून जास्त प्रवाह जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, आणि शॉर्ट झाला तर क्षणात तोडायचं. म्हणून क्रम असा: त्या लाईनवर किती भार येणार ते बघायचं, त्याला पुरेल अशी वायर घ्यायची, आणि एमसीबीचा आकडा भारापेक्षा मोठा पण वायरीच्या कुवतीपेक्षा लहान ठेवायचा. दिव्या-पंख्यांना तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि १० अँपिअर. प्लगच्या लाईनला अडीचची वायर आणि १६ अँपिअर. गिझरला चारची वायर आणि २०. आमचं हे गणित असं बसलं. १६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला ३६८० वॅट. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात ८.७ अँपिअर घेते, २००० वॅटचा गिझरही तेवढाच. दोन्ही एका लाईनवर टाकले की १७.४. म्हणून त्यांना वेगळं काढलं.

आमचे भावजी कामाच्या पहिल्या दिवशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सगळीकडं ३२ च्याच लावा की मेस्त्री, सारखं पडायला नको.” मेस्त्री हातातलं काम न थांबवता म्हणाले, “३२ ची पडायच्या आधी अडीचची वायर भिंतीत भाजंल, आण्णा. मग एमसीबी कशाला, दोन धागे पिळून घाला की परत.” भावजींना ते पटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरचा बोर्ड उघडून बघितला.

दुपारी जेवण झाल्यावर मेस्त्रींनी पिशवीतून एक जळकी एमसीबी काढली आणि रिबिटा फोडून उघडून दाखवली. मला कामातला हा भाग सगळ्यांत आवडला. आत दोन वेगवेगळे पहारेकरी आहेत. एक, दोन धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी. प्रवाहाने ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो, पट्टी वाकते आणि खटका सोडते. ती हळू काम करते, आणि तसंच हवं. मिक्सर दोन सेकंद जास्त ओढतो म्हणून घरात अंधार व्हायला नको. दुसरा, तांब्याच्या जाड तारेचं छोटं वेटोळं. शॉर्ट झाला की प्रवाह एकदम शेकड्यांनी वाढतो, वेटोळ्याचं चुंबक होतं आणि त्यातली दांडी खटक्यावर आपटते. हे सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतं. संपर्क सुटताना जी ठिणगी ताणली जाते ती पलीकडच्या पत्र्याच्या जाळीत ढकलली जाते, तिचे तुकडे होतात आणि ती विझते. त्या जळक्या एमसीबीची जाळी काळीठिक्कर पडली होती. तिने एकदा मोठा शॉर्ट तोडला होता आणि त्या कामातच ती संपली होती.

उष्णतेची पट्टी आणि चुंबक अशा लहानशा डबीत एकत्र बसवून, फ्यूजच्या जागी बसेल आणि पुन्हा वर करता येईल असं उपकरण १९२४ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात तयार झालं. आपल्याकडच्या घरांत ते यायला किती दशकं गेली हे आमच्या बोर्डाकडे बघून कळत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी खिटी हातात देऊन करून दाखवली. खिटी बोटाने वर दाबून धरली तरी आतला खटका सुटतोच. म्हणजे एमसीबीला चिकटपट्टी लावून किंवा काडी खोचून वर ठेवलं तरी ती आतून पडते. आमच्या गल्लीत असा प्रकार मी पाहिलेला आहे.

१६ ची एमसीबी १७ अँपिअरला पडत नाही, याचं मला आधी नवल वाटलं. नियम असा आहे. लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअरपर्यंत, ती तासभर तरी पडता कामा नये. १.४५ पट, म्हणजे २३ च्या थोडं वर, ती तासाभराच्या आत पडलीच पाहिजे. अडीच पटीच्या थोडं पुढे, ४१ च्या आसपास, एक सेकंद ते एक मिनिट या दरम्यान. वायर जाडजूड का घ्यायची ते इथे कळतं. २० अँपिअर बराच वेळ वाहू शकतात आणि एमसीबी काही बोलणार नाही. तेवढं वायरीला सोसलं पाहिजे. हे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. डबी तापली तर एमसीबी थोडी लवकर पडते. खच्चून भरलेल्या बोर्डात, एप्रिल-मेच्या दुपारी, मधली एमसीबी विनाकारण पडल्यासारखी वाटते त्याचं हे एक कारण. म्हणून आम्ही डीबी (एमसीबी बसवायची पेटी) गरजेपेक्षा मोठी घेतली आणि मधे दोन जागा मोकळ्या सोडून डमी पट्टी लावली.

खरेदी खडेबाजारच्या बाजूला केली. दुकानात मोठा आकडा खपवायची घाई दिसते. “३२ चं घ्या, कटकट नाही,” हे वाक्य तिथेही ऐकलं. मी वही उघडून बघत बघत प्रत्येक एमसीबीवरचं छापलेलं वाचून घेतलं. पुढच्या बाजूला ‘सी१६’ असं अक्षर आणि आकडा. त्याखाली २३०/४०० व्होल्ट. चौकोनात ६००० किंवा १००००, म्हणजे शॉर्टमध्ये किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह ती स्वतः न फुटता तोडू शकते तो आकडा. आमचा ट्रान्सफॉर्मर गल्लीच्या तोंडाशीच आहे. तो जितका जवळ तितका शॉर्टचा प्रवाह मोठा, म्हणून सगळ्या १०००० च्या घेतल्या. मग आयएसआयचा शिक्का आणि आयएस/आयईसी ६०८९८ हा क्रमांक. एका पोलची एमसीबी दोन-तीनशे रुपयांत येते. त्यात पन्नास रुपये वाचवायला शिक्क्याशिवायचा माल घेणं मला बरोबर वाटत नाही. सोलरवाल्यांसाठी डीसीची एमसीबी वेगळी येते. दिसायला तशीच असते, ती इथे नको.

आता अक्षराचं. बी, सी आणि डी हा फरक फक्त चुंबकाच्या भागाचा आहे. बी असेल तर आकड्याच्या ३ ते ५ पटीला ती तत्काळ पडते, सी असेल तर ५ ते १० पटीला, डी असेल तर १० ते २० पटीला. परसातल्या मोटरीने हे आम्हाला शिकवलं. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी पाच-सहा पट, म्हणजे पस्तीस-चाळीस. बी१० ची एमसीबी ३० ते ५० अँपिअरच्या मधे कुठेही पडू शकते, त्यामुळे मोटर लावली की ती खाली येणार. सी१० ची ५० ते १०० च्या मधे पडते, ती या झटक्याला सोसते. वायर अडीचची, त्यामुळे शॉर्ट झाला तरी प्रवाह तुटायला अडचण नाही. इथेच लोक आकडा वाढवतात. मोटर लावताना पडते म्हणून १० ची काढून ३२ ची घालतात. खरं तर आकडा तोच ठेवून अक्षर बदलायचं असतं.

डी मात्र मेस्त्रींनी घरात घालू दिली नाही. तिला तत्काळ पडायला खूप मोठा प्रवाह लागतो, आणि लांबवर गेलेल्या बारीक वायरीच्या टोकाला शॉर्ट झाला तर तेवढा प्रवाह येईलच असं नाही.

मागाच्या खोलीचा हिशेब वेगळा निघाला. आमच्या मागांच्या मोटरी एक-एक हॉर्सपॉवरच्या, थ्री फेज. ४१५ व्होल्टला प्रत्येकी दोन अँपिअरच्या आत-बाहेर. तिथे प्रत्येक मागाला सी६ ची तीन पोलची एमसीबी लावली. मी विचारलं, मग आता मोटर जळणार नाही ना? मेस्त्रींनी स्पष्ट सांगितलं की एमसीबीच्या भरवशावर मोटर सोडायची नाही. आपल्याकडे एक फेज जाणं ही नेहमीची गोष्ट. चालू मोटरीची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर ती पावणेदोन पट ओढते, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या जवळ. मोटर आतून भाजते, आणि ६ ची एमसीबी मात्र निवांत वर असते, कारण तिच्या हिशेबाने काही बिघडलेलं नसतं. वायरीला साडेतीन अँपिअर काहीच नाहीत. म्हणून मोटरीला स्टार्टर हवा, त्यात ओव्हरलोड रिले (मोटर जास्त ओढायला लागली की ती बंद करणारा भाग) दोन अँपिअरला लावलेला हवा, आणि एक फेज गेल्यावर बंद करणारं उपकरण हवं. वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात मोटर गुंडाळून देणारी दुकानं किती चालतात ते बघितलं की हे महत्त्वाचं का आहे ते कळतं. एकदा मोटर जळली की तो माग दोन दिवस उभा, आणि मजुरीही बुडते.

डीबी कुठे लावायची यावरून थोडी चर्चा झाली. जुना बोर्ड मागाच्या खोलीत, दारामागे होता. मेस्त्रींनी तिथे नको म्हटलं आणि दोन कारणं दिली. माग चालला की ती भिंत दिवसभर हादरते, आणि हादऱ्याने स्क्रू हळूहळू ढिले पडतात. दुसरं, सुताचा बारीक भुसा फटीफटीत जाऊन बसतो. ढिला स्क्रू तापतो, आणि त्याच्यावर भुसा असेल तर काय होईल ते सांगायला नको. महत्त्वाचं म्हणजे ही उष्णता एमसीबीला कळत नाही. जोड ढिला असताना प्रवाह नेहमीइतकाच असतो, किंबहुना कमीच, मग ती पडेल कशाला? आमच्या ओट्यामागचा वास मुख्यतः अशाच एका जोडाचा होता. प्लगच्या मागे तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

म्हणून नवी डीबी जिन्याच्या बोळात, मागाच्या भिंतीला न लागता, हाताला येईल अशा उंचीवर लावली. वायरीची टोकं सोलताना एकही धागा तुटणार नाही हे मेस्त्री बघत होते. प्रत्येक टोकाला लग्ज (धातूची टोपी) चेपला, एका स्क्रूखाली दोन वायरी कुठेच घातल्या नाहीत. वरून सगळ्या एमसीबींना फेज द्यायला वायरीचे तुकडे न वापरता तांब्याचा बसबार, म्हणजे सलग पट्टी, लावला. सगळं आवळून झाल्यावर महिनाभराने ते परत आले, मेन बंद केला आणि एकेक स्क्रू पुन्हा आवळला. तांबं दाबाखाली थोडं बसतं आणि स्क्रू जरासा मोकळा होतो. आता दरवर्षी दसऱ्याला, माग पूजेसाठी बंद असतात तेव्हा, हे करून घ्यायचं ठरवलं आहे.

शॉकचा प्रश्न उरला होता. आमच्याकडे न्हाणी आहे, ओलं परस आहे, मोटर आहे, लहान मुलं आहेत. माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह घातक ठरू लागतो. १६ अँपिअर म्हणजे १६००० मिलिअँपिअर. माणूस चिकटला तरी एमसीबीला ते समजणार नाही. मला वाटलं होतं की अर्थिंग चांगलं असलं की झालं. मेस्त्रींनी परसात नवा खड्डा घेतला, अडीच मीटरचा गॅल्व्हनाइझ्ड पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतायला वर फनेल ठेवलं. मीटरने मोजून रोध ८ ओहमच्या आसपास आला, तो चांगला म्हणतात. मग त्यांनी माझ्याच वहीत भागाकार केला. प्लगवरच्या एखाद्या वस्तूच्या बॉडीत फेज उतरली तर २३० भागिले ८, म्हणजे जेमतेम २९ अँपिअर. सी१६ ला तत्काळ पडायला ८० तरी पाहिजेत. म्हणजे अर्थिंग चांगलं असूनही एमसीबी कित्येक सेकंद, कदाचित मिनिटंही पडणार नाही, आणि तेवढा वेळ त्या वस्तूची बॉडी जिवंत राहणार. अर्थिंगचा रोध २० ओहम निघाला असता तर प्रवाह साडेअकराच अँपिअर, आणि एमसीबी कधीच पडली नसती. तो भागाकार बघून घरात पुढे कुणी वाद घातला नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आली. तिला दोन-अडीच हजार लागले.

ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून बघते. फरक पडला म्हणजे गळती, आणि तो ३० च्या वर गेला की तोडते. पण भार जास्त झाला किंवा फेज-न्यूट्रल शॉर्ट झाला तर तिला पत्ता लागत नाही, कारण जाणं-येणं सारखंच असतं. म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. दोन्ही लागतात.

आणि खरा त्रास इथे सुरू झाला. पहिल्यांदा चालू केलं, सगळं नीट. संध्याकाळी जिन्याचा दिवा लावला आणि आरसीसीबी पडली. पुन्हा वर केली, पुन्हा दिवा, पुन्हा अंधार. एका ९ वॅटच्या बल्बने! मेस्त्रींनी जिन्याची पट्टी उघडली तेव्हा उलगडा झाला. जिन्याच्या दिव्याला फेज घराच्या मीटरवरून होती आणि न्यूट्रल मागाच्या खोलीतून ओढलेला. पूर्वी जवळ सापडला तो न्यूट्रल जोडून कुणीतरी काम भागवलं होतं. आरसीसीबीच्या नजरेने प्रवाह गेला आणि परत आलाच नाही. ९ वॅट भागिले २३० म्हणजे ३९ मिलिअँपिअर, एवढं तिला पुरेसं होतं. जिन्याला घरचा न्यूट्रल ओढून दिला आणि ते थांबलं. जुन्या घरात आरसीसीबी बसवणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार. तेव्हा “हे आरसीसीबीच खराब दिसतंय” म्हणून ती काढून टाकतात, ते करू नये. ती वर्षानुवर्षं लपलेली चूक दाखवत असते.

पुढे मेअखेरीस वळवाचा मोठा पाऊस झाला आणि रात्री पुन्हा आरसीसीबी पडली. मी एकेक एमसीबी खाली करून बघत होते. कोणती खाली केली की ती थांबते, यावरून दोष कळेल असा अंदाज. पण एकही केल्याने थांबेना. सकाळी मेस्त्री आले आणि म्हणाले, “न्यूट्रल ओला झालाय कुठंतरी, आक्का.” एक पोलची एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. तो ओल्या भिंतीतून अर्थला टेकला, तर बाकीच्या लाईनींचा परतीचा प्रवाह थोडा तिकडून निसटतो आणि आरसीसीबी पडते. त्यांनी न्यूट्रल लिंकमधून (सगळे न्यूट्रल जिथे जोडलेले असतात ती पट्टी) एकेक वायर सोडवत नेली. न्हाणीची सोडवल्यावर आरसीसीबी टिकली. गिझरच्या प्लगच्या डबीत भिंतीतून पाणी झिरपून साचलं होतं. डबी काढून वरच्या कोरड्या जागी हलवली, आणि त्या लाईनला दोन पोलची एमसीबी लावली, म्हणजे पुन्हा काही झालं तर फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडता येतील आणि बाकी घर चालू राहील.

परवानाधारक कंत्राटदाराकडून काम झाल्याचा कागद आणि वाढीव भाराचा अर्ज घेऊन हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. घरात गिझर आणि इंडक्शन आल्यावर मंजूर भार वाढवून घेणं भागच होतं. मीटरच्या पलीकडचं, हेस्कॉमच्या बाजूचं, सील केलेलं असतं. तिथे आपण किंवा मेस्त्रींनी हात लावायचा नसतो.

डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठ्या लावल्या, मराठीत आणि कानडीत. मागावर येणारा कामगार बैलहोंगलकडचा आहे, तो कानडी वाचतो. रात्री घाईच्या वेळी कोणती खिटी कशाची हे सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, ती पडली पाहिजे. दाबूनही पडली नाही तर ती बदलायची. हे काम धाकट्या मुलीकडे दिलं आहे आणि कॅलेंडरवर ती खूण करते.

आषाढात मंगाईची यात्रा. पाहुण्यांनी घर भरलं. शेजारून आणखी एक इंडक्शन शेगडी आणली आणि ती प्लगच्या लाईनवर लावली. त्याच लाईनवर किटली, आणि पाणी तापवायची दांडी. २०००, १५०० आणि १५००, मिळून ५००० वॅट, जवळजवळ २२ अँपिअर. थोड्या वेळाने १६ ची एमसीबी पडली. नणंदेने लगेच वर करायला हात घातला. सासूबाई म्हणाल्या, “थांब गं, आधी दांडी काढ. एमसीबी तापलीय, तिला जरा निवू दे.” दोन मिनिटांनी खिटी पूर्ण खाली दाबून मग वर केली. पडलेली खिटी मधेच अडकते, आधी खाली दाबल्याशिवाय ती वर टिकत नाही. ओट्यामागे मी हात लावून बघितला, भिंत गार होती.

यात्रेला आलेल्या शेजारच्या काकूंनी मेस्त्रींचा नंबर घेतला. त्यांचं घर आमच्यासारखंच, वायरही तीच जुनी ॲल्युमिनियमची, आणि त्यांना फक्त किटकॅट काढून एमसीबी हव्या होत्या, वायर सध्या नको, कारण दोन्ही एकदम परवडत नव्हतं. मेस्त्रींनी वायर तपासून प्लगच्या लाईनला ६ अँपिअरची बसवली, आरसीसीबी आधी घ्यायला लावली, आणि दांडी, गिझर, इंडक्शन यांतलं काहीच या वायरीवर चालवायचं नाही असं सांगून त्यांचे प्लग डबीतूनच सोडवून ठेवले. दिवाळीनंतर अडीचची वायर ओढायची, तेव्हा १६ ची येईल.